हिऱ्यांच्या चिमटीत धातू

'कठीण' हा शब्द आपण होस्टेलवर दिवसातून पन्नास वेळा वापरतो. एम-थ्री कठीण, सबमिशन कठीण, आणि मेसची थंड पोळी तर दोन्हींपेक्षा कठीण! पण मटेरियल सायन्सच्या पेपरात याच शब्दावर भल्याभल्यांची विकेट जाते. इंग्रजीत स्टिफ, हार्ड आणि टफ असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि आपण तिघांनाही 'कठीण' म्हणून मोकळे होतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी शब्दांसाठी मी आजीकडे गेले. तिने एका दमात सांगितलं : दाबला तरी दबत नाही तो ताठ, ओरखडा उठत नाही तो कठीण, आणि आपटला तरी फुटत नाही तो चिवट. पुस्तकातल्या तीन चॅप्टरचा सारांश झाला की!

या लेखात आपण यातल्या पहिल्या दोन गुणांबद्दल बोलू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी प्रचंड दाब आणि प्रचंड उष्णता एकत्र वापरून धातूंची काही नवीन संयुगं तयार केली. ती जवळजवळ हिऱ्याइतकी ताठ आहेत. ती कशी केली, का केली आणि त्यातून आपण काय शिकायचं, ते बघूया.

बोअरच्या गाडीपासून सुरुवात

आमचं गाव बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. उन्हाळा लागला की तमिळनाडूची बोअरची गाडी कुठल्या ना कुठल्या शिवारात उभी असतेच. वरची माती आणि मुरूम पटकन संपतो, आणि मग लागतो काळा पाषाण, म्हणजे आपला दख्खनचा बेसॉल्ट. गाडीवाल्याचा भाव फुटावर असतो. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे खाली फिरणारं बिट किती टिकतं हा प्रश्न शेवटी शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येतो.

ते बिट कधी जवळून बघा. अंग स्टीलचं, पण तोंडावर बोटाच्या पेराएवढी गोल बटणं बसवलेली असतात. दगड फोडायचं खरं काम ही बटणं करतात. ती टंगस्टन कार्बाइडची असतात. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथच्या टूलला जो करडा इन्सर्ट लावतो, तोही त्याच जातीचा. टंगस्टनची पावडर आणि कार्बन साधारण १४०० ते १६०० अंशांना तापवून कार्बाइड करतात. मग त्यात कोबाल्ट मिसळून, साच्यात दाबून, पुन्हा भट्टीत घालतात. कोबाल्ट वितळतो आणि कार्बाइडचे कण सिमेंटसारखे धरून ठेवतो. १९२० च्या दशकात जर्मनीच्या क्रुप कंपनीने हा माल 'विडिया' नावाने बाजारात आणला. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा' या शब्दांवरून ते नाव पडलं.

टंगस्टन हा मऊ धातू नाही, पण नुसत्या टंगस्टनचं बटण या कामाला चालत नाही. त्यात कार्बनचा छोटा अणू शिरला की तो एकदम वेगळाच पदार्थ होतो. हे का होतं ते समजलं की पुढचा सगळा लेख सोपा आहे.

ताठ म्हणजे कठीण नव्हे

ताठपणा मोजायचं एक माप म्हणजे बल्क मॉड्युलस. पदार्थाला सगळीकडून दाबलं तर त्याचं आकारमान किती कमी होतं, ते यावरून कळतं. बल्क मॉड्युलस ४०० गिगापास्कल असेल, तर आकारमान एक टक्का कमी करायला ४ गिगापास्कल दाब लागतो. एक गिगापास्कल म्हणजे जवळजवळ १०,००० वातावरणांचा दाब. काही ढोबळ आकडे बघा, सगळे गिगापास्कलमध्ये :

पाणी – २.२
ॲल्युमिनियम – ७६
लोखंड – १७० च्या आसपास
प्लॅटिनम – २७५ च्या आसपास
टंगस्टन – ३१० च्या आसपास
ऑस्मियम – ४०० च्या आसपास
हिरा – ४४३ च्या आसपास

ऑस्मियमकडे लक्ष गेलं का? हा प्लॅटिनमच्या कुटुंबातला धातू आहे, सगळ्यात घन मूलद्रव्यांपैकी एक. एका घनसेंटिमीटरचं वजन साडेबावीस ग्रॅमपेक्षा जास्त. २००२ साली एका गटाने त्याचा बल्क मॉड्युलस ४६२ मोजला, म्हणजे हिऱ्यापेक्षाही जास्त, आणि एकच खळबळ उडाली. २००४ मध्ये झालेल्या दुसऱ्या मोजण्यांमध्ये तो ३९५ आणि ४११ आला. तरीसुद्धा हिऱ्याच्या शेजारी बसणारा धातू आहे हे नक्की.

मग ऑस्मियमने काच कापतात का? दगड फोडतात का? नाही. हिऱ्याचा कठीणपणा ७० ते १०० गिगापास्कल, आणि ऑस्मियमचा जेमतेम ४! इथेच ताठ आणि कठीण यांची फारकत होते.

कारण असं. सगळीकडून सारखं दाबताना अणू एकमेकांच्या जवळ येतात, आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन त्याला विरोध करतात. ऑस्मियममध्ये इलेक्ट्रॉनची गर्दी प्रचंड आहे, म्हणून तो दबत नाही. पण ओरखडा काढताना आपण अणूंचे थर एकमेकांवरून सरकवतो. धातूमधला बंध कुठल्याही एका दिशेला बांधलेला नसतो. म्हणून थर सरकतात, डिसलोकेशन पुढे जाते आणि खूण उमटते. गर्दीच्या एसटीत जसं अजून एक माणूस आत कोंबता येत नाही, पण ब्रेक मारला की सगळे मिळून पुढे सरकतात, तसंच आहे हे. हिऱ्यात मात्र प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांचे हात ठरलेल्या दिशेने घट्ट धरून बसलेला असतो. तिथे सरकणं नाही.

मग उपाय काय? ज्यात इलेक्ट्रॉनची गर्दी आहे असा धातू घ्यायचा, आणि त्यात बोरॉन, कार्बन किंवा नायट्रोजन असे छोटे अणू बसवायचे. ते ठरलेल्या दिशेने बंध करतात आणि थरांना जागच्या जागी खिळवतात. टंगस्टन कार्बाइडमध्ये हेच झालेलं आहे. प्रश्न एवढाच की प्लॅटिनम, इरिडियम, ऑस्मियम हे धातू स्वभावाने अलिप्त आहेत. ते नायट्रोजनशी सहजासहजी बोलतसुद्धा नाहीत.

दाब कशाला, उष्णता कशाला?

थर्मोडायनॅमिक्स न आवडणाऱ्यांनीही हा भाग सोडू नये, कारण इथे फक्त एक गुणाकार आहे.

एक गिगापास्कल दाब गुणिले एक घनसेंटिमीटर आकारमान म्हणजे बरोबर एक किलोज्यूल ऊर्जा. आता समजा धातू आणि नायट्रोजन वेगवेगळे असताना जेवढी जागा घेतात, त्यापेक्षा त्यांचं संयुग एका मोलमागे १० घनसेंटिमीटर कमी जागा घेतं. नेहमीच्या हवेच्या दाबाला या फरकाची किंमत एक ज्यूल, म्हणजे काहीच नाही. पण दाब ५० गिगापास्कल असेल तर तीच किंमत ५०० किलोज्यूल होते! (खरं तर दाब वाढेल तसा हा फरकही कमी होत जातो, पण अंदाज यायला एवढं पुरे.) रासायनिक बंधांच्या ऊर्जा याच पट्ट्यात असतात. म्हणजे प्रचंड दाबाखाली रसायनशास्त्राचा हिशोबच बदलतो. जे संयुग तोट्यात होतं ते फायद्यात येतं.

पण फायदा दिसला म्हणजे काम झालं असं नाही. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि तो बंध पूर्ण तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. शिवाय घन पदार्थात अणू जागचे हलत नाहीत. म्हणून उष्णता. कुठे जायचं ते दाब ठरवतो, आणि तिथे जाण्याची ताकद उष्णता देते. दोन्हींपैकी एकानेच भागत नाही.

साडेतीन क्विंटलची करामत

५० गिगापास्कल म्हणजे पाच लाख वातावरणं. एवढा दाब द्यायला खोलीएवढं मशीन लागत असेल असं वाटतं ना? प्रत्यक्षात ते उपकरण तळहातावर मावतं. त्याचं नाव डायमंड ॲन्व्हिल सेल.

दोन हिरे घ्यायचे. त्यांची टोकं घासून सपाट करायची, साधारण ०.३ मिलिमीटर व्यासाची. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवायची. मध्ये धातूची पातळ पट्टी, तिला बारीक भोक, आणि त्या भोकात नमुना. मग स्क्रू आवळायचे. आता हिशोब करा. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या टोकाचं क्षेत्रफळ आणि ५० गिगापास्कल यांचा गुणाकार केला की बल येतं सुमारे ३५०० न्यूटन, म्हणजे साडेतीन क्विंटलच्या थोडं वर. सोयाबीनची सात पोती! बल मामुली आहे, पण क्षेत्रफळ इतकं कमी आहे की दाब आकाशाला भिडतो. पहिल्या वर्षी शिकलेलं 'दाब बरोबर बल भागिले क्षेत्रफळ' हे सूत्र एवढं कामाचं असतं.

हे उपकरण १९५८ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झालं. सुरुवातीचे काही हिरे सरकारने स्मगलरांकडून जप्त केलेल्या मालातले होते, त्यामुळे फोडायला फुकट मिळाले! हिऱ्याचा दुसरा फायदा म्हणजे तो पारदर्शक आहे. दाबाखाली काय चाललंय ते बघता येतं, एक्स-रे आत सोडता येतात, आणि लेसर मारून नमुना तापवताही येतो. लेसरने २००० अंशांच्या वर तापवायचं तंत्र १९७४ च्या सुमाराला आलं.

आत दाब किती आहे ते कसं कळणार? नमुन्याशेजारी माणकाचा एक बारीक कण ठेवतात. लेसर पडला की माणिक लाल चमकतं. त्या लाल प्रकाशाची तरंगलांबी ६९४.२ नॅनोमीटर असते, आणि सुरुवातीला दर गिगापास्कलला ती सुमारे ०.३६५ नॅनोमीटरने सरकते. रंग किती सरकला ते मोजायचं, की दाब कळला. या सगळ्या तंत्राचा जगभर वाचला गेलेला आढावा १९८३ मध्ये ए. जयरामन यांनी लिहिला. ते सर सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करून पुढे अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये गेले होते.

प्लॅटिनम नायट्राइडचं कोडं

२००४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने या उपकरणात प्लॅटिनम ठेवलं, भोवती नायट्रोजन भरला, दाब ४५ ते ५० गिगापास्कल केला आणि लेसरने २००० केल्व्हिनच्या वर तापवलं. नवीन संयुग मिळालं. बल्क मॉड्युलस ३७२, म्हणजे शुद्ध प्लॅटिनमपेक्षा शंभराने जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाब काढल्यावरही ते टिकलं.

पण रचना काय? एक्स-रेने प्लॅटिनमच्या अणूंच्या जागा स्वच्छ दिसल्या. नायट्रोजन मात्र दिसेना. प्लॅटिनममध्ये ७८ इलेक्ट्रॉन आणि नायट्रोजनमध्ये ७. एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून परततात, त्यामुळे हत्तीशेजारी उभी असलेली शेळी फोटोत येईना. रासायनिक विश्लेषणावरून वाटलं की प्रमाण एकास एक असावं, आणि तशी रचना सुचवली गेली.

मग कॉम्प्युटरवर गणित करणाऱ्यांनी ती रचना तपासली. आकडे जुळेनात. तशा रचनेचा बल्क मॉड्युलस ३७२ च्या बराच खाली येत होता, आणि ती टिकाऊही दिसत नव्हती. शेवटी २००६ मध्ये उलगडा झाला. एका प्लॅटिनममागे नायट्रोजन एक नाही, दोन आहेत, आणि ते दोघं एकमेकांचा हात धरून जोडीने बसले आहेत. ही रचना पायराइटसारखी आहे, म्हणजे आपण ज्याला खोटं सोनं म्हणतो त्या खनिजासारखी. प्रकाश टाकून मोजलेली अणूंची कंपनं आणि गणिताने काढलेली कंपनं बरोबर जुळली. त्याच वर्षी इरिडियम आणि ऑस्मियमची नायट्राइडंही तयार झाली. इरिडियम नायट्राइडचा बल्क मॉड्युलस ४२८ आला, हिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

इथे आपल्यासाठी एक धडा आहे. पहिल्या गटाने प्रयोग उत्तम केला होता, मोजलेले आकडेही बरोबर होते. त्या आकड्यांचा अर्थ नंतर दुसऱ्यांनी सुधारला. आपण लॅबमध्ये रीडिंग आधी आणि ग्राफ नंतर 'जुळवतो', तेव्हा ही सुधारण्याची वाटच बंद करतो.

दाब काढल्यावर काय?

बऱ्याच जणांना शंका येते की दाब काढला की संयुग पुन्हा सुटं होत नाही का? काही होतात. पण काही अडकून राहतात, कारण परत जायलाही मध्ये ऊर्जेचा डोंगर चढावा लागतो, आणि थंड झालेल्या अणूंकडे तेवढी ताकद नसते. हिरा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. हवेच्या दाबाला कार्बनचं खरं घर ग्रॅफाइट, पण अंगठीतला हिरा काही पेन्सिलीचं शिसं होत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारी आहे. जिंतूरहून मंठ्यामार्गे गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार लागतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर अशनीच्या धडकेने झालं, हे १९७३ मध्ये पक्कं झालं. पुराव्यांपैकी एक होता मॅस्केलिनाइट, म्हणजे बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाची काच. ही काच साधी वितळून झालेली नाही. धडकेच्या लाटेने, साधारण २५ ते ४५ गिगापास्कल दाबाने, स्फटिकाची घडी विस्कटली आणि तशीच गोठली. दाब क्षणभरच होता. २०११ च्या मोजणीनुसार विवराचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आहे, आणि ती काच अजून तिथे आहे! आमच्या शिवारात बोअरचं बिट ज्या दगडाला टोले मारतं त्याच जातीचा तो दगड, फक्त वरून पडलेला टोला वेगळा.

तिसरं उदाहरण मुंबईचं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम आणि एस. के. सिक्का यांनी उच्च दाबाच्या भौतिकशास्त्राचा गट उभा केला. टायटॅनियम आणि झिर्कोनियमवर दाब दिला की त्यांचे अणू नवीन मांडणीत जातात, तिला 'ओमेगा' म्हणतात. दाब काढल्यावरही ती टिकू शकते, आणि ती नेहमीच्या मांडणीपेक्षा कठीण पण ठिसूळ असते. सिक्का, योगेश व्होरा आणि चिदंबरम यांनी १९८२ मध्ये यावर लिहिलेला मोठा आढावा आजही संदर्भासाठी वापरतात. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर अशा दाबाखालच्या पदार्थांवर एक्स-रे टाकायची खास सोय आहे. म्हणजे हा विषय फक्त परदेशातला नाही.

मग बिट कुठे आहे?

आता रोखठोक प्रश्न. प्लॅटिनम नायट्राइडचं बोअरचं बटण कधी येणार? येणार नाही. एका वेळी मिळणारा नमुना केसाच्या जाडीपेक्षा लहान, आणि धातू सोन्याच्या पंगतीतला. मग हा खटाटोप कशासाठी?

नियम कळण्यासाठी. इलेक्ट्रॉनची गर्दी आणि दिशा असलेले बंध एकत्र आले की पदार्थ ताठही होतो आणि कठीणही होऊ शकतो, हे इथे सिद्ध झालं. मग तोच नियम स्वस्तात कसा पाळता येईल ते शोधायचं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने रेनियम डायबोराइड केलं, आणि तेही दाब न देता, विजेच्या आर्कने वितळवून. कठीणपणा ४८ गिगापास्कल जाहीर झाला. (४० च्या वर असेल तर 'सुपरहार्ड' म्हणतात.) त्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला : हा आकडा अगदी हलक्या भाराखाली घेतलेला आहे, भार वाढवला की तो ३० च्या आसपास येतो. म्हणून लक्षात ठेवा, कुणी हार्डनेसचा आकडा फेकला की पहिला प्रश्न 'भार किती होता?'. पुढे याच वाटेने टंगस्टन बोराइडवर काम झालं, कारण टंगस्टन रेनियमपेक्षा पुष्कळ स्वस्त.

उलट बाजूनेही प्रगती झाली. २०१९ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या गटाने रेनियम आणि नायट्रोजनचं एक नवीन संयुग जाहीर केलं. बल्क मॉड्युलस ४२८, कठीणपणा सुमारे ३७. ते आधी हिऱ्यांच्या चिमटीत केलं, आणि मग मोठ्या प्रेसमध्ये ३३ गिगापास्कलला. म्हणजे कणापासून तुकड्यापर्यंत मजल गेली.

आणि हिरा असताना दुसरं हवंच कशाला? कारण स्टील कापताना तापलेला हिरा लोखंडात विरघळायला लागतो, हिरा शेवटी कार्बनच ना. म्हणून ताठ आणि कठीण असून लोखंडाशी भांडण न करणारा पदार्थ कारखान्यांना हवा असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका : चिवटपणा. बोअरच्या बटणात ठिसूळ कार्बाइडला कोबाल्ट सांभाळून घेतो, म्हणून ते टोले खाऊन टिकतं. नव्या संयुगांनाही असा जोडीदार शोधावा लागेल, आणि ते काम फिजिक्सवाल्यांपेक्षा मेटलर्जी आणि मेकॅनिकलवाल्यांचं, म्हणजे आपलं आहे. बोरीच्या शिवारातला फुटाचा भाव खाली यायचा असेल तर तो अशाच कुणाच्या तरी प्रोजेक्टमधून येईल.

स्वतः सोडवून बघा (व्हायव्हालाही उपयोगी)

१. हिऱ्याच्या टोकाचा व्यास ०.२ मिलिमीटर आणि दाब १०० गिगापास्कल असेल तर बल किती? (उत्तर : सुमारे ३१४० न्यूटन, म्हणजे ३२० किलोचा भार. दाब दुप्पट होऊनही बल कमी का झालं ते सांगा.)

२. ४० गिगापास्कलला एका मोलमागे आकारमान ८ घनसेंटिमीटरने कमी होत असेल, तर दाबामुळे किती ऊर्जेचा फायदा? (उत्तर : ३२० किलोज्यूल.)

३. ऑस्मियम ताठ आहे पण कठीण नाही. का? (उत्तर पाठ करू नका. गर्दीची एसटी आठवा.)

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल